आठांचे चार-चार

अ‍ॅमस्टरडॅम

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की एप्रिलमध्ये तुम्ही दोघं, आई-बाबा, ताई-भावोजी आणि दोन्ही पोरं असे आठ जण इकडे यायचं म्हणताय. बेत पक्का होण्याआधीच हे लिहितोय. काय काय बघायचं याची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. आठ जणांनी या गावात वावरायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि इथल्या माणसांना त्रास होतो तो तिथेच. माझं म्हणणं एवढंच की खोल्या घेताना, तिकिटं काढताना आणि रस्त्याने चालताना तुमचे चार-चारचे दोन गट करा. आठ जणांनी एकत्र यायचं ते जेवायला.

इथले नियमही बरेचसे आकड्यांचेच आहेत. रहिवाशांनी लावून धरलं म्हणून २०२१ साली नगरपालिकेने वर्षाला २ कोटी मुक्काम ही पर्यटकांची मर्यादा ठरवली. गाइडबरोबरच्या गटात १५ हून जास्त माणसं चालत नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून ७.५ टनांवरच्या बसना शहराच्या मध्यभागात बंदी आहे. म्हणजे एखादा ट्रॅव्हलवाला 'बस थेट हॉटेलच्या दारात' म्हणाला, तर आधी हॉटेल कुठे आहे ते विचारा.

राहण्याचं आधी ठरवा. कुणाचं राहतं घर भाड्याने घ्यायचं असेल तर त्यात एका वेळी चारच पाहुणे राहू शकतात, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावाच लागतो. 'संपूर्ण घर, आठ जणांसाठी' अशी जाहिरात दिसली की पुढे जा. पकडलं गेलं तर दंड मालकाला होतो, पण बॅगा घेऊन फुटपाथवर तुम्ही उभे राहता. इथे घरांची टंचाई भयंकर आहे. मजल्यामागून मजले पाहुण्यांना जायला लागले तेव्हा हे नियम आले, त्यामुळे शेजारीपाजारी लक्ष ठेवून असतात आणि तक्रारही करतात.

म्हणून हॉटेलच बघा, चौघांच्या दोन फॅमिली रूम. हिशेब करताना एक ध्यानात ठेवा. पर्यटक कर खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे, आणि २०२६ पासून मुक्कामावरचा व्हॅट ९ वरून २१ टक्के झालाय. मूळ भाडं २०० युरो असेल तर २५ युरो पर्यटक कर, ४२ युरो व्हॅट, एकूण २६७. काही संकेतस्थळं पर्यटक कर शेवटच्या पानावर दाखवतात, काही हॉटेलं काउंटरवर मागतात. दोन हॉटेलांची तुलना करायची तर शेवटच्या आकड्यांची करा.

लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की सामान वर न्यायला घराच्या माथ्यावर लाकडी तुळई आणि आकडा ठेवलेला असतो. दोर लावून कपाट खिडकीतून आत घेतात. आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपणार नाही. जमिनी लाकडी असतात, त्यामुळे पोरांची धावपळ खालच्याला डोक्यावर झाल्यासारखी ऐकू येते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर फोडणीआधी पंखा लावा आणि झाकण हाताशी ठेवा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, मग अख्खा मजला जागा होतो.

रस्त्याचं जरा नीट वाचा, खरे अपघात इथेच होतात. सायकलमार्ग बहुतेक ठिकाणी लालसर डांबराचा असतो, फुटपाथला अगदी खेटून, आणि कधीकधी ट्रामच्या थांब्यातून उतरलं की पहिलं पाऊल त्याच्यावरच पडतं. आपल्याला आधी उजवीकडे बघायची सवय. इथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. सायकली मात्र काही मार्गांवर दोन्ही बाजूंनी येतात, तेव्हा दोन्हीकडे बघा. ओलांडायला लागलात की एका चालीने ओलांडा. समोरून येणारा सायकलवाला तुमची चाल बघून तुमच्या पाठीमागून निघायचं ठरवतो. तुम्ही दचकून मागे झालात की नेमके त्याच्या चाकासमोर येता. मुलांना हे घरीच समजावा: घंटी वाजली तरी मागे उडी मारायची नाही, चालत राहायचं. आणि पलीकडे गेल्यावर 'सगळे आले का' म्हणत तिथेच थांबून मोजणी करू नका, चार पावलं पुढे फुटपाथवर जा. आठ जणांची मोजणी होईस्तोवर मागे वीस सायकली अडतात. चौघांची नजरेनेच होते.

पुलावरचा फोटो मधोमध उभं राहून काढू नका, कठड्याकडे सरका. कालव्यावरच्या घरांच्या दगडी पायऱ्या बसायला बोलावतात, पण त्या घराच्या मालकीच्या आहेत. तिथे डबा उघडला की आतून दार उघडतं. इथे पुष्कळ घरांच्या खिडक्यांना पडदे ओढलेले नसतात. दिवा लागलेला असतो, मंडळी जेवत असतात. बघत उभं राहायचं नाही. पाण्यावरच्या घरबोटींत माणसं राहतात, त्यांच्या फळ्यांवर पाय देऊ नका. बॅगांचं एक राहिलं: गल्ल्या विटांच्या आहेत आणि चाकांचा खडखडाट तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. रात्री दहानंतर पोहोचलात तर शेवटच्या गल्लीत बॅगा उचलून न्या.

ट्राममध्ये आणि रेल्वेत बँकेचं कार्ड टेकवून चढता-उतरता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघांनी टेकवलं तर यंत्र दुसऱ्याला 'पहिला उतरला' असं धरतं. तेच कार्ड फोनमधून टेकवलं तर ते निराळं कार्ड समजलं जातं, म्हणून चढताना फोन आणि उतरताना कार्ड असं केलंत की दोन्हीकडे जास्तीचे पैसे कापले जातात. आठ जणांना २४, ४८ किंवा ७२ तासांचं ट्राम-बस-मेट्रोचं तिकीट सोपं; ते रेल्वेला मात्र चालत नाही, विमानतळावरून येणाऱ्या गाडीलाही नाही. रेल्वेच्या डब्यात काचेवर 'स्टिल्टे' लिहिलेलं दिसलं तर तो शांततेचा भाग. तिथे फोन नाही, गप्पा नाहीत, पत्तेही नाहीत. पुढच्या भागात जा, तिथे मनसोक्त बोला. मुख्य स्टेशनामागून उत्तरेला जाणारी फेरीबोट फुकट आहे, मुलांना आवडेल. फक्त सकाळ-संध्याकाळ कामाला जाणाऱ्यांची गर्दी टाळा आणि सायकलवाल्यांना आधी उतरू द्या.

अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी महायुद्धात जिथे लपून राहिली, त्या घराची म्हणजे अ‍ॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सकाळी १० वाजता, सहा आठवडे पुढच्या तारखांची. तुमच्या एप्रिलच्या तारखांची तिकिटं फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत निघतील. इथले सकाळचे १० म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्याकडे दुपारचे २:३०, त्यानंतर १:३०. आठ तिकिटं एका वेळेची सापडणं अवघड, चार-चारची दोन सापडतात. आत जिने खडे आहेत, फोटोला मनाई आहे, मोठ्या बॅगा चालत नाहीत. आई-बाबांना तिथे आग्रह करू नका. व्हॅन गॉग म्युझियमलाही वेळ आधी घ्यावी लागते. १८ वर्षांखालच्यांना तिथे आणि राइक्स म्युझियममध्ये (इथलं राष्ट्रीय संग्रहालय) पैसे पडत नाहीत, पण वेळेचं आरक्षण मुलांच्याही नावाने करायचं.

बेखाइनहोफ हे जुनं, चौकासारखं अंगण आई-बाबांना आवडेल. तिथे आजही एकट्या राहणाऱ्या बायकांची घरं आहेत आणि गटांना प्रवेश नाही. दोघा-दोघांनी जा, हळू बोला, कुणाच्या दाराशी वा खिडकीशी कॅमेरा नेऊ नका. लाल दिव्यांच्या गल्ल्यांत मुलांना घेऊन जायचं कारण नाही. २०२० पासून तिथल्या गाइडच्या फेऱ्याच बंद आहेत, आणि खिडकीतल्या बायकांचा फोटो काढला तर भांडण ठरलेलं.

आता ट्युलिप. कॉयकेनहोफ बाग मार्चच्या मध्याच्या सुमारास उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते. तिथे तिकीट काढून कितीही फिरा. आजूबाजूची रंगीत शेतं मात्र शेतकऱ्यांची आहेत आणि पीक फुलांचं नाही, कांद्यांचं (म्हणजे ट्युलिपच्या कंदांचं) आहे. फूल उमललं, वाण तपासून झालं की शेतकरी यंत्राने सगळी डोकी उडवतो, म्हणजे उरलेलं बळ जमिनीतल्या कांद्याला जातं. ओळीत शिरून फोटो काढला की पानं मोडतात आणि कांदा बारीक राहतो. बुटांच्या मातीतून एका शेताचा रोग दुसऱ्यात जातो तो वेगळाच. बांधावरून, चरापलीकडून फोटो काढा, कॅमेरा खाली धरला की ओळ तशीही सुंदर येते. मेच्या सुरुवातीला आलात तर पुष्कळ शेतं बोडकी दिसतील.

तारखांचं म्हणाल तर २७ एप्रिल टाळा. राजाचा वाढदिवस असतो, गाव माणसांनी फुटतं आणि मध्यभागात ट्राम चालत नाहीत. ४ मे रोजी इथे असलात तर रात्री ८ वाजता जिथे असाल तिथे उभे राहा. युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळं थांबतं, ट्रामसुद्धा. मुलांना आधी सांगून ठेवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

दोन गट कसे पाडायचे ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही पोरं एकाच गटात नकोत, आणि आई-बाबांबरोबर फोन नीट वापरता येणारं कुणीतरी असू द्या. तारखा आणि आईच्या गुडघ्यांचं कळवा, म्हणजे लिफ्टचं मी इथून फोन करून विचारतो.

ती. आई-बाबांना सा. नमस्कार, ताई-भावोजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमचा,
धाकटा