बाबांचे पाय धरून उभ्या राहिलेल्या मादामना

आदरणीय मादाम,

तुम्हाला मराठी येत नाही आणि मला फ्रेंच. माझा भाचा फ्रान्समध्ये, लिल शहरात शिकतो. येत्या सुट्टीत तो तुमच्या घरी येऊन हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. तरी मी ते मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या शेताशेजारी आमची जी माणसं आहेत ती आमच्याच लोकांना माहीत नाहीत.

आमचं गाव साताऱ्याकडचं. चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला संगमरवरी दगड आहे. पहिल्या महायुद्धाला गावातून किती जण गेले आणि त्यातले किती परत आले नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. आकडे आहेत, नावं नाहीत. बाबांच्या आजोबांचे थोरले भाऊ त्या आकड्यातले एक. खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. त्यांच्या बायकोला, म्हणजे बाबांच्या थोरल्या आजीला, ते 'फ्रान्सात गेले' एवढंच कळलं. अस्थी नाहीत, तारीख नाही. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला घालतात, तसं ती दरवर्षी घालत राहिली. बाबांनी लहानपणी तिला त्या दिवशी पान वाढताना पाहिलंय. कावळ्याला घास ठेवताना ती नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, नुसतं 'त्यांना' म्हणायची.

बाबांनी निवृत्तीनंतर बारा वर्षं शोध घेतला. एका कार्यालयानं तीनदा 'नोंद आढळत नाही' असं छापील उत्तर पाठवलं, तेही तिन्ही वेळा बाबांचं आडनाव चुकवून. दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी फाइल न उघडताच सांगितलं, "आजोबा, शंभर वर्षं झाली, आता काय करायचंय?" युरोपची सहल नेणाऱ्या कंपनीला मी विचारलं, वाटेत दोन तास उत्तर फ्रान्समधल्या नव-शापेलला, हिंदुस्थानी सैनिकांच्या स्मारकापाशी थांबता येईल का. "तिथे बघण्यासारखं काही नाही मॅडम." हे सगळं मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही. शेवटी भाच्याच्या भरवशावर आम्ही दोघं ऑक्टोबरात निघालो.

नव-शापेल म्हणजे नवं प्रार्थनाघर, हे तुमच्याकडूनच कळलं. सपाट रानं, पाण्यानं भरलेले चर, बटाट्याच्या वाफ्यांतून जाणारा रस्ता. चौकातून पुढे आलं की एकदम स्मारकाचा तो पंधरा मीटर उंचीचा खांब दिसतो. वर कमळ, पायथ्याशी दोन दगडी वाघ, भोवती सांचीसारखं गोल जाळीदार कुंपण. बाबा गाडीतून उतरले आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलंच आहे." हर्बर्ट बेकर या इंग्रज वास्तुविशारदानं ते बांधलं, 1927 साली. देव एक आहे आणि विजय त्याचाच, असं तिथे इंग्रजीबरोबर हिंदीतही कोरलंय आणि गुरुमुखी, अरबी लिपींतही. ज्यांना कबर नाही, चिता नाही, अशा 4,700 हून अधिक जणांची नावं अर्धगोल भिंतीवर आहेत.

पण ती रोमन अक्षरांत, आणि लिहिणाऱ्या कारकुनानं जशी ऐकली तशी. आम्ही तासभर भिंत वाचत होतो. पाऊस भुरभुरत होता. तुम्ही रस्त्यानं जाताना गाडी थांबवलीत. काही न विचारता तिथली नावांची नोंदवही काढून आणलीत, बाकावर बसलात आणि पान न पान बोट फिरवत गेलात. नाव तुम्हाला वाचता येत नव्हतंच, म्हणून तुम्ही 'सातारा' हा शब्द शोधत होतात. तो सापडला. पुढे गावाचं नाव, मोडकंतोडकं, पण आमचंच. आणि तारीख: 28 ऑक्टोबर 1914.

भिंतीवर ते नाव बरंच वर होतं. बाबा टाचा उंचावून हात लावायला बघत होते, पोचत नव्हते. तुम्ही निघून गेलात. मला वाटलं, काम आटोपलं, घरी गेलात. पंधरा मिनिटांनी गाडीतून स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन परत आलात. बाबा तिच्यावर पाय ठेवायला तयार होईनात, घरातली बसायची खुर्ची म्हणून. शेवटी बूट काढून मोज्यांनी चढले. खुर्ची गवतावर डगमगली तेव्हा तुम्ही खाली वाकलात आणि दोन्ही हातांनी त्यांचे घोटे धरलेत. तुम्ही पंच्याऐंशीच्या, बाबा शहात्तरचे. आमच्याकडे धाकट्यांनी थोरांचे पाय धरायचे असतात. बाबा "नको, नको" म्हणत होते, तुम्हाला कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी तुम्ही सोडले नसतेत. त्यांनी एकेक अक्षरावरून बोट फिरवलं. नंतर कपाळ भिंतीला टेकवून कितीतरी वेळ उभे राहिले. तेवढा वेळ तुम्ही पावसात वाकून होतात आणि वर एकदाही पाहिलं नाहीत. त्यांना रडायला मोकळीक दिलीत.

नंतर तुम्ही आम्हाला गावातल्या चौरस्त्यावर नेलंत. इथपर्यंत ते पोचले होते, म्हणालात. 47 वी शीख पलटण आणि खडकीच्या सॅपर्सच्या 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या. खंदक खणायचे, पूल बांधायचे हे ज्यांचं काम, त्यांना पायदळाची माणसं संपली म्हणून संगिनी घेऊन पुढे पाठवलं. घराघरांतून हातघाई झाली आणि मग मागून मदतच आली नाही. सॅपर्सचा एकही गोरा अधिकारी धडधाकट परतला नाही. आमच्याकडे दिवाळी नुकतीच सरली होती. मार्च 1915 मध्ये गाव परत घेतलं, तेव्हाही हिंदुस्थानी पलटणी होत्याच.

तुमचं गाव तर उरलंच नाही. तुमच्या आजोबांनी युद्धानंतर येऊन विहिरीवरून घराची जागा ओळखली, हे सांगताना तुमचा आवाज बदलला. नांगराला आजही तोफगोळे लागतात आणि ते बांधावर काढून ठेवावे लागतात. गावचा क्रूसावरचा ख्रिस्त, पाय आणि एक हात तुटलेला, तुम्ही 1958 साली पोर्तुगालला दिलात, कारण त्यांचीही पोरं इथेच पडली. त्यांची दफनभूमी आमच्या भिंतीच्या समोरच, रस्त्यापलीकडे. ज्यांचं सगळं गेलं ते परक्यांच्या मेलेल्यांची अशी काळजी घेतात, आणि कोरड्या कपाटात फाइल असलेल्यांना ती उघडवत नाही. माणुसकी म्हणजे तुमची ती खुर्ची, एवढं मला आता कळतं.

बाबांनी घरी येऊन जुनं पंचांग मिळवलं आणि 28 ऑक्टोबरची तिथी काढली. यंदा आम्ही सर्वपित्रीला थांबणार नाही. पान वाढताना बाबा त्यांचं नाव घेणार आहेत, मोठ्यानं.

भाच्याबरोबर कंदी पेढे पाठवतेय. साताऱ्याचे आहेत, खरपूस भाजलेल्या खव्याचे, फार गोड नसतात. बाबांचा निरोप आहे की ते त्याच खुर्चीवर बसून खावेत.

तुमची ऋणी,
साताऱ्याची लेक