डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझा चेहरा आठवणार नाही. त्या रात्री मी पांढरीफटक पडले होते म्हणे. सिझेरियन झालं, बाळ रडलं, पण गर्भपिशवी काही आकुंचन पावेना. इंजेक्शनं झाली, तुम्ही पिशवी हाताने दाबून धरली, तरी रक्त थांबेना. पिशवी काढायच्या कागदावर नवऱ्याची सहीसुद्धा झाली होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी टाके घालून बघू." पँटचे गॅलिस खांद्यावरून जातात तसे पिशवीवरून उभे टाके घेऊन ती आवळायची. 'बी-लिंच' हे नाव मला फार नंतर कळलं.

जीव वाचवल्याचे आभार मानायला मला शब्द जमत नाहीत. हे पत्र त्या दोन ओळींसाठी. छापील रकाने सोडून, कडेला, निळ्या शाईत, आणि चक्क वाचता येईल अशा अक्षरात: 'पिशवी शाबूत आहे, बी-लिंच टाके घातले आहेत. पुढचं बाळंतपण रक्ताची सोय असेल तिथेच.'

भेटायला येणारे सगळे माझी पिशवी गेली असंच धरून चालले होते. कुणाकुणाला समजावणार? कार्ड दाखवायचे. पाळी येईना तेव्हा मात्र माझाही धीर सुटला. तुम्ही आधी विचारलंत, "दूध येतंय ना?" खूप रक्त गेलं की कधी कधी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होते, मग दूधही उतरत नाही आणि पाळीही येत नाही. माझं तसं नव्हतं. अंगावर पाजत होते म्हणून पाळी लांबली होती. नवव्या महिन्यात आली.

चार वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. नव्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्या ओळी वाचल्या. एकदा असा रक्तस्राव झालेल्या बाईला पुन्हा होण्याचा धोका जास्त, म्हणून हिमोग्लोबिन आधीच वाढवून घेतलं, सोनोग्राफीत वार जुन्या व्रणाला चिकटलेली नाही ना ते मुद्दाम पाहिलं, रक्ताच्या पिशव्या जुळवून ठेवल्या. त्या लागल्या नाहीत. तुमच्या टाक्यांची पिशवीवर जेमतेम एक पुसट रेघ उरलीय, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी फाइलला कार्डाची झेरॉक्स लावली. त्यात तुमची निळी शाई काळी आलीय. मूळ कार्ड घड्यांवर विरलंय, पण ते मी कुणाला देत नाही.

तुमची,
दोन मुलांची आई