बिअरच्या कारखान्यातील प्रयोगशाळा आणि आमचा संत्रा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बिअर उद्योगातील वाढत्या उत्पादकतेविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. शंकूसारख्या तळाच्या उंच टाक्या आल्यावर तळाशी बसलेले यीस्ट (बिअर आंबवणारे सूक्ष्मजीव) सहज काढता येऊ लागले, आत माणूस न उतरवता टाक्या धुता येऊ लागल्या आणि थोड्या कामगारांत पुष्कळ माल निघू लागला, हे खरेच आहे. परंतु या उद्योगाची खरी झेप त्या टाक्यांच्या कितीतरी आधी प्रयोगशाळेत सुरू झाली, हे त्यात यायला हवे होते.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याचे मालक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये प्रयोगशाळा उभारली. बिअर नासण्यामागे रानटी यीस्टची भेसळ असते हे तेथे एमिल हान्सेन यांनी दाखवून दिले आणि १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. ते इतर कारखान्यांनाही देण्यात आले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्याच वर्षी तेथील क्येल्डाल यांनी धान्यातील नत्र मोजण्याची पद्धत दिली आणि १९०९ मध्ये सोरेन्सेन यांनी सामूची, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या पीएचची, मोजपट्टी. आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेवरील सामूचा आकडा मूळचा त्या प्रयोगशाळेतला आहे.

मी दारूचा पुरस्कार करीत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारूने मोडलेली घरे आमच्याही गावात आहेत. मी संत्रा बागायतदार म्हणून लिहीत आहे. व्यापारी बाजूला काढतात ती लहान फळे रसासाठी जावीत, असे आम्हांला प्रत्येक मेळाव्यात सांगितले जाते. पण नागपुरी संत्र्याचा रस काढल्यानंतर काही वेळाने लिमोनिन या कडू द्रव्यामुळे कडवट होतो आणि तेथेच सगळे अडते. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिचे काम मोठे आहे. तरीही कोणत्या बागेतील, किती पिकलेल्या फळाचा रस किती वेळात कडू झाला याची रोजची नोंद प्रक्रिया केंद्रातच व्हायला हवी. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रस्तावांत इमारत, शीतगृह आणि यंत्रे होती, रसायनतज्ज्ञाची जागा एकाही प्रस्तावात नव्हती.

वरुड-मोर्शी भागात यापुढे मंजूर होणाऱ्या प्रत्येक प्रक्रिया केंद्राला प्रयोगशाळा बंधनकारक करावी आणि तिचे निष्कर्ष सर्व बागायतदारांना विनामूल्य मिळावेत, ही मागणी आपल्या दैनिकाने शासनापुढे मांडावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक संत्रा उत्पादक,
वरुड तालुका, जि. अमरावती