लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या संपादकबाईंना

आदरणीय बाई,

विद्यापीठाच्या प्रेसचं, म्हणजे विद्वत्तेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनगृहाचं, मूल्यमापन करणाऱ्या समितीत मी हिशेबाचा माणूस म्हणून आलो. पहिल्याच दिवशी तुमच्याकडे खर्च, विक्री आणि तूट असे तीन आकडे मागितले. तुम्ही ते मुकाट्याने दिलेत आणि वर एक जाडजूड फाइल ठेवलीत. "ही सवडीने चाळा," एवढंच म्हणालात. हे पत्र त्या फाइलसाठी.

एकाच पुस्तकाची फाइल. बाहेरच्या दोन जाणकारांचे अभिप्राय. त्यातल्या एकाने तिसरं प्रकरण पार मोडीत काढलेलं. त्यावर लेखकाचं संतापलेलं पत्र. काही महिन्यांनी त्याच लेखकाचं दुसरं पत्र, बरंच निवळलेलं, सोबत नव्याने लिहिलेलं तिसरं प्रकरण. मग संपादक मंडळाची मंजुरी, तळटिपांवर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा, शब्दसूची. हे सगळं माझ्या तक्त्यात 'पगार' या एका रकान्यात बसलं होतं!

मग मी वाचायला लागलो. २०१६ मध्ये इथाका एस अँड आर या संस्थेने अमेरिकेतल्या २० विद्यापीठीय प्रेसच्या पुस्तकांचा खर्च काढला. एका पुस्तकामागे तो १५,१४० डॉलरपासून १,२९,९०९ डॉलरपर्यंत निघाला, आणि सर्वांत मोठा वाटा कागद-छपाईचा नाही, माणसांच्या वेळेचा. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाचा करार १८७९ चा, काम साधारण दहा वर्षांचं धरलेलं. शेवटचा भाग आला १९२८ मध्ये. माझ्यासारखा हिशेबनीस तिथे असता तर इंग्रजीतलं पहिलं अक्षर संपायच्या आत त्याने कोश गुंडाळायला लावला असता.

समितीतला तो प्रश्न आठवतो? आपल्या पैशाने छापायचं आणि लेखक मात्र बहुतेक बाहेरचे; या लष्कराच्या भाकऱ्या कशाला? प्रश्न माझाच होता, हे आता कबूल करतो. तुम्ही म्हणालात, आपल्या प्राध्यापकांची पुस्तकं दुसऱ्यांच्या प्रेस छापतात, म्हणूनच प्रेसच्या शिक्क्याला वजन आहे. घरच्यांनी घरच्यांना दिलेलं प्रशस्तिपत्र कोण वाचेल? पटलं. पण एक खटकतंच. ज्या विद्यापीठांकडे स्वतःची प्रेस नाही, तीही नेमणुका-बढत्या देताना हीच पुस्तकं मोजतात, आणि खर्चातला एक पैसाही उचलत नाहीत. तूट तुमची नाही, त्यांची उधारी आहे.

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने २०१२ मध्ये प्रेस बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा लेखक आपल्या पुस्तकांचे हक्क परत मागायला लागले. काही महिन्यांत निर्णय फिरला. प्रेसची किंमत तिथे अशी कळली. आपल्याकडे एका फाइलवर भागलं, हे माझं नशीब.

अहवालात तुटीचा आकडा मी बदललेला नाही, तो खराच आहे. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवला आहे: तपासून नाकारलेली हस्तलिखितं. न छापलेल्या पुस्तकांवर गेलेले तुमचे दिवस आजवर कुठल्याच ताळेबंदात नव्हते. तो आकडा मात्र तुम्हालाच भरून द्यावा लागेल.

फाइल अजून माझ्याकडेच आहे. तिसरं प्रकरण, जुनं आणि नवं, पुन्हा एकदा शेजारी ठेवून वाचतो आणि सोमवारी आणून देतो.

मनापासून आभार.

आपला,
समितीतला हिशेबनीस