मंच्युरियनवर बंदी कशाला, गाड्याला नळ द्या

मा. संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या याच सदरात एका वाचकाचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं असं की पणजी-म्हापशातले चायनीजचे गाडे आणि ती मोमो-नूडल्सची छोटी छोटी हॉटेलं सरसकट बंद करावीत, गोंयकाराने आपली शीत-कडी (भात-कालवण) खावी, हे परकं अन्न आपलं नव्हे आणि अजिनोमोटोने माणूस आजारी पडतो. पत्रावरून आमच्या घरात बरीच चर्चा झाली, मुलांनी तर पत्रलेखकाला शत्रूच ठरवून टाकलं, म्हणून हे लिहितेय. लांबेल थोडं, कापायचं तर कापा पण गाड्यांना पाण्याचा नळ देण्याचा मुद्दा तेवढा ठेवा.

शीत-कडी आम्ही रोज खातोच हो. पण नवरा-बायको दोघं पणजीत नोकरी करणार, सहा-साडेसहाला सुटणार, बस पकडून मेरशीला पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आलेला, अशा वेळी महिन्यातून कधीतरी वाटतं की आज चूल बंद, बाहेर खाऊ. आता बाहेर म्हणजे कुठे? बरी मासळीची थाळी चौघांनी घेतली तर किती होतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सोमवारी किंवा गुरुवारी गेलं तर आमच्याकडे सगळे शिवराक म्हणजे शाकाहारी, मग मासळीचा प्रश्नच मिटला. राहिली चायनीज, मोमो, नूडल्सची हॉटेलं. फ्राइड राइसची एक प्लेट दोघांना पुरते, एक गोबी मंच्युरियन, एक सूप वन बाय टू, पाचशेच्या आसपास चौघं पोटभर जेवतात. एवढ्या पैशात एवढं पोट भरणारी दुसरी सोय या शहरात कोणती आहे ते त्या वाचकाने सांगावं, मी उद्यापासून तिथे जाते.

किनाऱ्यावर आशियाई खाण्याची काही कमी नाही हे मान्य. हणजूण-आसगावकडे सुशी आहे, रामेन आहे, बोमराज सारखं बर्मी जेवणाचं नावाजलेलं हॉटेल गोव्यातच आहे आणि लोक मुंबई-दिल्लीहून त्यासाठी येतात, येऊ देत, चांगलंच आहे. पण तो हिशोब पर्यटकांच्या खिशाचा, आपल्या पगाराचा नव्हे. आम्ही मागे एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला किनाऱ्याकडच्या एका ठिकाणी गेलेलो, थाई करी मागवली, वाटी एवढीशी, भात वेगळा, भाताचे पैसेही वेगळे, वर बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला. काढा म्हटलं तर मॅनेजर असा बघायला लागला जसं काही मी चमचे पर्समध्ये घातले. आता सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, तो बिलात आपोआप लावता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. शेवटी काढला त्याने, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. गाड्यावर असला प्रकार नाही, पाटीवर लिहिलंय ते द्या आणि निघा.

आणि चव म्हणाल तर या छोट्या हॉटेलांना कमी लेखू नका. पूर्वी पणजीत चायनीज म्हटलं की दादा वैद्य रस्त्यावरचं गोएंचिन, तिथे जायचं म्हणजे इस्त्रीचे कपडे. आता दार्जिलिंग, नेपाळ, आसाम, मणिपूरकडची मुलं गोव्यात हॉटेलांतून कामाला आली, त्यातल्या काहींनी पुढे स्वतःचे गाडे टाकले, एखादी खोली भाड्याने घेऊन चार टेबलं मांडली, आणि तिथे जो थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, मिळतो तो पावसाळ्यात सर्दीवर आमच्या काढ्यापेक्षा बरा लागतो असं माझ्या सासूबाईच म्हणतात, मी नव्हे. मोमोचं पीठ समोर लाटतात, सारण समोर भरतात, भांड्याचं झाकण उघडलं की वाफेबरोबर वास येतो. चोरीस, म्हणजे आपलं गोव्याचं सॉसेज, भरलेले मोमो पण कुठे कुठे मिळतात आता, ते मला फारसे आवडले नाहीत, चोरीस पावातच बरी, पण पोरांना आवडतात.

मी आपली हॉटेल निवडताना दोनतीन गोष्टी बघते. मेनू केवढा आहे? पंजाबी, तंदूर, चायनीज, थाई, कॉन्टिनेंटल आणि शेवटच्या पानावर पिझ्झा, एवढं सगळं असेल तर समजावं की सगळ्याला एकच ग्रेव्ही आहे. एका पानात मावणारा मेनू असेल तिथे बसावं. दुसरं म्हणजे साधा व्हेज फ्राइड राइस मागवावा, कारण सॉसमध्ये बुडवलेल्या गोबीत सगळं लपतं, भातात काही लपत नाही. शिजवून पूर्ण गार केलेला भात, जाड कढई आणि भट्टीसारखा जाळ असेल तर दाणा न् दाणा मोकळा येतो, नाहीतर खिचडी. थाई करीबद्दल मात्र सावध राहा, नारळ इतका महागल्यावर शंभर-सव्वाशेत मिळणारी ग्रीन करी म्हणजे बऱ्याचदा कॉर्नफ्लोअरचं हिरवं पाणी असतं. खरी करायला नारळाचा रस, गवती चहा, ओली मिरची, कोथिंबिरीच्या मुळ्या, सुकी कोळंबी वाटून घातलेली पेस्ट लागते, यातलं बरंचसं आमच्या परसातच आहे, आश्चर्य वाटतं की कोणी गोंयकार अजून स्वस्तातलं थाई का सुरू करत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. गोबी मंच्युरियन. वास्कोच्या दामोदर सप्ताहात 2022 साली अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) हे स्टॉल आवरा म्हणून पालिकेला कळवलं होतं, मग 2024 च्या सुरुवातीला म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत विषय निघाला आणि नगरपालिकेने गोबी मंच्युरियनवरच बंदी घातली, देशभर बातम्या झाल्या, परदेशी पेपरांतही आलं, आपलं हसू झालं. जत्रेत गोबी एवढी का चालते याचा विचार कोणी केला का? देवळाच्या जत्रेत चिकन चालत नाही, फ्लॉवर बेळगावहून रोज येतो, पोरांना तिखट-आंबट काहीतरी हवं असतं, आणि कागदी प्लेटमधला गोबी साठ-सत्तर रुपयांत येतो. खाजं आणि भजी आहेतच, पण तेराव्या वर्षाच्या पोराला खाजं देऊन बघा.

तक्रार खोटी होती असं मी म्हणत नाही. तो लालभडक रंग कशाचा, तो सॉस कुठला, हे मलाही कळत नाही आणि मी ते लालभडक मुलांना देत नाही. पण शेजारच्या कर्नाटकने काय केलं ते बघा, त्यांनी गोबीचे 171 नमुने तपासायला नेले, 107 मध्ये नको ते कृत्रिम रंग सापडले, आणि मार्च 2024 मध्ये त्यांनी गोबी मंच्युरियनमध्ये आणि कॉटन कँडीत कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. रंगावर. पदार्थावर नाही! तिकडे आजही गोबी मिळते, बिनरंगाची, तपकिरी, जशी ती मुळात असायला हवी तशी. सोया सॉस, आलं, लसूण, मिरची घातल्यावर कुठलाही पदार्थ लाल कसा होईल हो? रोडामाइन बी हा कापडाला लावायचा रंग, तो खाण्यात चालतच नाही, त्यासाठी नवीन ठरावही लागत नाही, 2006 चा अन्नसुरक्षा कायदा पुरेसा आहे, फक्त कोणीतरी नमुना उचलायला हवा आणि निकाल लोकांना सांगायला हवा. आमच्याकडे धाड पडते, फोटो येतो, गाडा हलवतात, आठ दिवसांनी गाडा परत येतो, रंग तोच.

तेलाचंही तसंच. तेल वारंवार तापवून बिघडलं की त्यात जे पोलर घटक वाढतात ते 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही असा नियम 2018 पासून आहे, ते मोजायचं मीटर हातात धरून मिनिटाभरात मोजता येतं. संध्याकाळी सात वाजता एक अधिकारी मीटर घेऊन फिरला तरी अर्धं काम होईल. बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी परवाना नंबर असला पाहिजे हाही नियम आहे, जानेवारी 2022 पासून, आणि तो नियम ज्यांच्याकडे बिलच नाही त्या गाड्यांना सोडा, काही काचेच्या दरवाजाची हॉटेलंही पाळत नाहीत.

आणि आता नळ. गाडेवाल्याला स्वच्छता ठेवा म्हणून सांगायचं आणि पाणी द्यायचं नाही. तो बिचारा दोन बादल्या पाणी कुठून तरी आणतो, एकात प्लेटा बुडवतो, दुसरीत पण त्याच प्लेटा बुडवतो, सांडपाणी गटारात, अंधार पडल्यावर कोणाला काही दिसत नाही. दोष एकट्या त्याचाच का? 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की शहरात विक्रेत्यांची गणना करा, त्यांना जागा ठरवून द्या, समिती करा आणि त्या समितीत किमान 40 टक्के विक्रेतेच असू द्या. पणजी महापालिकेने एक मोकळी जागा घ्यावी, वर छप्पर, खाली फरशी, प्रत्येकाला एक नळ, एक सिंक, तेल जमा करायचं एक पिंप, मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं, भाडं परवडेल एवढं. सिंगापूरने हेच केलं, साठीच्या दशकाच्या शेवटी रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी केली, 1970 च्या दशकात आणि पुढे 1986 पर्यंत त्यांना नळ-गटार असलेल्या केंद्रांत हलवलं, आज तिथे अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत, मंत्रीही खातात आणि हमालही खातो. 2016 साली तिथल्या एका गाळ्यातल्या चिकन-भाताला मिशलिन स्टार, म्हणजे हॉटेलांचा जगातला मोठा मान, मिळाला आणि 2020 मध्ये ती सगळी हॉकर संस्कृतीच युनेस्कोच्या यादीत गेली. आपले लोकप्रतिनिधी अभ्यास दौऱ्यावर जातातच, तर एकदा तिथे जाऊन दुपारचं जेवण तेवढं करून यावं, दुसरा अभ्यास नको.

अजिनोमोटोबद्दल त्या वाचकाला एक गंमत सांगायची आहे. 1908 साली टोकियोत इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून अजिनोमोटोची ती चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली, साठ वर्षं कोणाला काही झालं नाही, मग 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना एका डॉक्टरचं पत्र गेलं की चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, कारण काय असेल बरं? त्यांनी सोया सॉस, दारू, मीठ अशा बऱ्याच शंका काढल्या होत्या, पण जगाने धरलं ते अजिनोमोटो. म्हणजे ही सगळी भीती एका संपादकांच्या नावे लिहिलेल्या पत्रातून सुरू झाली, तेव्हा आपण पत्रलेखकांनी जरा जपूनच लिहावं. नेहमीच्या प्रमाणात त्याने लोकांना काही होतं असं पुढच्या चाचण्यांत धड सिद्ध झालं नाही, तेच ग्लुटामेट टोमॅटोतही असतं. मला विचाराल तर सोया सॉसमधल्या मिठाची काळजी जास्त करावी, बीपी असेल तर सॉस कमी घाला म्हणून सांगावं, सांगितलं तर घालतात कमी.

आणि परकं अन्न? चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीजांची वसाहत मकाव 1844 पर्यंत गोव्याच्याच कारभाराखाली होतं, तिकडची जहाजं इकडे येत होती, आमचं बालचांव, म्हणजे कोळंबीचं लोणच्यासारखं कालवण, त्याच वाटेने आलं असं मानतात, मकावच्या घरांतून कोळंबीचं तसलंच खारवलेलं प्रकरण अजून करतात, आणि आपल्या बेबिंकाच्याच नावाचा एक गोड पदार्थही. मिरची, काजू, बटाटा यातलं तर काहीच आपलं नव्हे. उलट चिकन मंच्युरियन मात्र इथलंच, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईत केलेलं, चीनमध्ये विचारलं तर कोणाला ओळखीचंही नाही. तेव्हा त्या वाचकाला खरोखर परकं खायचं नसेल तर त्यांनी मंच्युरियन खावं आणि मिरचीची कडी सोडावी.

महापालिकेला विनंती एवढीच की येत्या चतुर्थीच्या बाजाराआधी निदान एका ठिकाणी तरी नळ आणि दिवा देऊन बघा, एफडीएला विनंती की गोबीचे नमुने घेतलेत तर निकाल पेपरात द्या, कोण पास झाला तेही छापा, नुसतं नापास नको, म्हणजे आम्हाला कुठे बसावं ते कळेल. आणि वाचकांपैकी कोणाला फोंड्यात बरा थुक्पा कुठे मिळतो ठाऊक असेल तर याच सदरात कळवावं, माझं माहेर तिकडे आहे आणि आई विचारतेय.

आपली,
एक नियमित वाचक, मेरशी