पद्मिनीचे नाक खाली आणणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

माझ्या प्रीमियर पद्मिनीचा पुढचा भाग आपण मूळ उंचीवर आणून दिलात, त्याबद्दल आपले आभार मी गॅरेजमध्येच मानले होते; परंतु नागपुरात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या इतरांनाही आपल्या कामाची रीत कळावी, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

पूर्वी एका गॅरेजने गाडीला गरजेपेक्षा कडक स्प्रिंगा बसवून शिवाय पॅकिंगही घातले होते, त्यामुळे तिचे नाक वर गेले होते आणि मागची बाजू पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसकण मारल्यासारखी दिसत असे. गॅस कटरने स्प्रिंगचा एक वेढा कापा, काम संपले, असा सल्ला मला अनेकांनी दिला. आपण मात्र सांगितलेत की, ज्योतीच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी (म्हणजे त्याचा कस) उतरते, वेढे कमी झालेली स्प्रिंग उलट अधिक कडक होते आणि तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. गाडीतील बदलांविषयीच्या, मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चाही आपण उल्लेख केलात. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्याऐवजी योग्य मापाच्या स्प्रिंगा शोधण्यात गेलेला वेळ मला त्यामुळे सार्थकी लागल्यासारखा वाटला.

खरे कौशल्य दिसले ते जुन्या स्प्रिंगा काढताना. मागची चाके घरंगळू नयेत म्हणून त्यांना उटी लावून, गाडी सपाट फरशीवर भक्कम स्टँडवर ठेवून, ती हलत नाही याची हाताने खात्री करून घेतल्यावरच आपण पान्याला हात घातलात. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे हूक तिच्या समोरासमोरच्या बाजूंना अडकवून दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, चाकाला धरणाऱ्या आर्मखाली जॅकचा आधार ठेवून तो अगदी सावकाश उतरवला, आणि स्प्रिंगच्या रोखाने कोणालाही, अगदी चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालाही, उभे राहू दिले नाही. दाबून धरलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, हे आपण एकदाच सांगितले आणि पुढे ते केवळ वागण्यातून दाखवले.

नव्या स्प्रिंगा बसल्यावर गाडी जमिनीवर टेकली तरी ती उंचच दिसत होती. टायर फरशीला घट्ट धरून बसतात, त्यामुळे चाके बाहेरच्या बाजूला सरकू शकत नाहीत, म्हणून गाडी थोडी मागेपुढे ढकलल्याशिवाय खरी उंची कळत नाही, हे मला तेव्हा समजले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजल्यानंतर, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असतानाच आपण आर्मच्या सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळलेत. अधांतरी आवळलेले रबर कायम पीळ खात राहून लवकर फाटते. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, टायर कुठे घासत नाही ना, हेही पाहिलेत. उंची बदलली की टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूला असलेला रोख) आणि कॅम्बर (चाकांचा उभा कल) हेही बदलतात, म्हणून व्हील अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात दिलीत आणि हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवून दिलात.

आता वर्धा रोडवर गाडी सरळ धावते आणि आमच्या वस्तीतल्या अवाढव्य गतिरोधकांवरही तिचे पोट घासत नाही. बोल्ट पुन्हा तपासण्यासाठी आपण बोलावले आहे, त्याप्रमाणे येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
एक पद्मिनीमालक, नागपूर