आमचे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या लॅबच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

रिपोर्ट हातात देऊन "डॉक्टरांना दाखवा" एवढं म्हटलं असतंत तरी तुमचं काम झालं असतं. बाहेर रांग होतीच. तरी तुम्ही घरातल्या सगळ्यांचे हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणू) तपासणीचे कागद टेबलावर एकाखाली एक लावलेत आणि पेनाने तीन ओळींवर खुणा केल्यात: एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन), अँटी-एचबीएस (त्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं), अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं). या तिन्ही एकत्र वाचायच्या, सुट्या नाहीत, म्हणालात.

दादाचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू अंगात आहे, हे कळलंच होतं. पण आई स्वतःच्या कागदावर दोनदा "पॉझिटिव्ह" बघून रडकुंडीला आली होती, आणि वहिनीचं सगळं निगेटिव्ह म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तुम्ही नेमकं उलटं सांगितलंत. आईचा एचबीएसएजी निगेटिव्ह, बाकी दोन्ही पॉझिटिव्ह: कधीकाळी लागण झाली, शरीराने ती परतवली. फक्त पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली, तर हा कागद आधी दाखवायचा. माझा एकटा अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह, ती लशीची कृपा. लशीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन असतं, गाभ्याचं नसतं, म्हणून लशीने अँटी-एचबीसी येत नाही. आणि वहिनीला ना लागण, ना संरक्षण! लस लगेच हवी होती ती तिलाच.

दादाच्या बाबतीत तुम्ही घाई केली नाहीत, याचं मला जास्त मोल वाटतं. गाभ्याविरुद्धची आयजीएम (ताज्या लागणीत दिसणारी प्रतिपिंडं) निगेटिव्ह, तेव्हा लागण ताजी नसावी, इतकंच बोललात. जुनाट म्हणायचं तर एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहायला हवा. औषधं लागतील का, ते एचबीव्ही डीएनए (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), एसजीपीटी (यकृताला इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि यकृताची अवस्था बघून तज्ज्ञ डॉक्टर ठरवतील, असं सांगून थांबलात.

आईने दादाचं ताट-पेला वेगळा काढल्याचंही बोलता बोलता तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत. एकत्र जेवल्याने हे पसरत नाही, रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. आम्ही हेच सांगून दमलो होतो. तुमचं मात्र तिने ऐकलं.

वहिनीचे डोस सुरू झालेत. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तिचा अँटी-एचबीएस मोजायला येऊ. आकडा किमान १० (एमआययू/मिली) हवा, हे आता आईलाही पाठ आहे.

आपला ऋणी,
एका पेशंटचा धाकटा भाऊ